घरातला कोपरा सोडताना

घरात चटई टाकायला जागा असताना व्यायामासाठी पैसे भरून बाहेर कशाला जायचं, हे माझं मत किती तरी वर्षं पक्कं होतं. मी ते हिरिरीने मांडतही असे, आणि शिक्षिका असल्यामुळे ऐकणाऱ्याही भरपूर मिळत. पालकसभेला आलेल्या आया म्हणाल्या, ‘बाई, पाठ धरते, गुडघे दुखतात’, की मी सांगायची, सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठा, बारा नमस्कार घाला, जमलं तर रंकाळ्याला फेरी मारा, कुणाला एक रुपया देऊ नका. आज त्यांच्यातलीच कुणी भेटली तर मी वेगळं सांगते. नमस्कार चालू ठेवा म्हणते, पण आठवड्यातून दोनदा जिममध्ये जा, आणि तिथे जाऊन ट्रेडमिलवर चालत राहू नका, वजन उचला. हे मत का पालटलं ते नीट सांगावंसं वाटतं, कारण माझ्या वयाच्या, माझ्याच विचारांच्या पुष्कळ बायका अजून त्या घरातल्या कोपऱ्यात आहेत आणि आपलं सगळं ठीक चाललंय असं त्यांना वाटतंय.

नमस्कार माझ्याकडे वडिलांकडून आले. त्यांचं लहानपण औंधात गेलं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलांकडून घालून घ्यायचे. त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमध्ये निघालं, हे वडील फार अभिमानाने सांगत. आम्हा भावंडांना ते पहाटे उठवत आणि माजघरात एका ओळीत उभं करत. मुलगा-मुलगी हा फरक त्यांनी त्या ओळीत कधी केला नाही, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. नमस्कारांनी मला काय दिलं ते मला माहीत आहे. पाठीचा कणा रोज दोन्ही बाजूंना वाकतो, खांदे मोकळे राहतात, श्वास लांबतो. दोन बाळंतपणांनंतर मी नमस्कारांच्याच आधाराने उभी राहिले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर आजही तसूभर कमी झालेला नाही.

जिमबद्दल मात्र माझं मत चांगलं नव्हतं, आणि त्यालाही कारणं होती. भिंतभर आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी, काउंटरवर रचलेले प्रोटीन पावडरचे डबे, आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत. वर्षाचे पैसे भरून दोन महिन्यांत जायचं सोडलेली माणसं मी स्वतःच्या नात्यात पाहिली होती. यातलं काहीही आज खोटं ठरलेलं नाही.

मतात पहिली चीर पडली ती लॉकडाउनमध्ये. 2020च्या मार्चमध्ये राज्यातल्या जिम बंद झाल्या, त्या थेट 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. मधले सात महिने सगळं जग घरात व्यायाम करत होतं. तेव्हा माझा व्यायाम उत्तम चालायला हवा होता. तो जवळजवळ बंद पडला. घरात आम्ही सगळे चोवीस तास. माझ्या चटईच्या जागी मुलाचं टेबल आलं, त्याची मीटिंग सकाळी सुरू व्हायची. माझे ऑनलाइन तास, सासूबाईंचा काढा, बाहेरून आलेली भाजी धुणं, आणि चारी ठाव स्वयंपाक. कुणी मला अडवलं नाही. ‘तू कर की व्यायाम’ असंच सगळे म्हणत. पण माझा तास कुणाचं तरी काम निघालं की आपोआप मागे सरकायचा, आणि सरकत सरकत रात्रीवर जाऊन विरून जायचा.

तेव्हा मी मागची वर्षं आठवून पाहिली. लॉकडाउनच्या आधी तरी काय होतं? गॅसवर कुकर लावून मी नमस्कार घालायची. नमस्कार आणि शिट्ट्या एकाच वेळी मोजायच्या. तिसरी शिट्टी झाली की असेल त्या स्थितीतून उठून गॅस बारीक करायचा. दूधवाला आला, धुणं-भांड्यांच्या मावशी आल्या, सिलिंडरवाल्याने खालून हाक मारली की चटई सोडायची. परत येईपर्यंत अंग गार. बारातले सात व्हायचे, आणि सात झाले तरी झाले म्हणायचे. घरातला व्यायाम घराच्या वेळापत्रकावर चालतो, आणि बहुतेक घरांत ते वेळापत्रक बाईच्या अंगावर असतं. नवरा त्याच घरात, त्याच चटईवर व्यायाम करायचा तेव्हा त्याला शिट्ट्या मोजाव्या लागत नसत. म्हणजे ‘घरी की जिममध्ये’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी एकच कसं असेल?

तरीही मी जिममध्ये गेले नसते. मला तिथे नेलं माझ्या हाडांनी.

पाळी गेल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली. डेक्सा नावाची ती तपासणी असते, दुखत-खुपत काही नाही. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीचच्या मध्ये हाडं विरळ व्हायला लागलेली, आणि उणे अडीचला पोचलं की ऑस्टिओपोरोसिस. माझ्या कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे 1.8 होता. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी रोज चालते, नमस्कार घालते, दूध-दही खाते, मग हे कसं? त्यांनी शांतपणे विचारलं, ‘आणि वजन काय उचलता?’

त्यांनी जे समजावलं ते मला शाळेतल्या जीवशास्त्राने कधी सांगितलं नव्हतं. हाड ही काही एकदा बांधून झालेली वस्तू नाही. त्यात जुना भाग कुरतडणाऱ्या पेशी असतात आणि नवा रचणाऱ्याही असतात, दोघींचं काम जन्मभर चालू असतं. कुरतडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवरून धरतं. पाळी जाते तेव्हा ते आटतं आणि कुरतडणं रचण्याच्या पुढे जातं. पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47व्या वर्षीच जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. म्हणजे हा उतार आपल्याला लवकर लागतो. आणि हाड रचलं जातं ते त्याच्यावर भार पडला तरच. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 सालीच लिहून ठेवलं होतं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. रोजचाच भार असेल तर त्याला नवं काही रचायची गरज वाटत नाही. मी तीस वर्षं माझंच वजन त्याच पद्धतीने उचलत-टेकवत होते. शरीर त्याला केव्हाच सरावलं होतं.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं, आणि माझ्यावर सगळ्यांत जास्त परिणाम त्याचा झाला. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका घेतल्या. सरासरी वय पासष्ट. त्यांचे दोन गट केले. एका गटाने आठ महिने घरी हलका व्यायाम केला. दुसऱ्या गटाने आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर रॉड ढकलणं, आणि जोडीला उडी मारून जमिनीवर टेकणं. आठ महिन्यांनी घरच्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे 1.2 टक्क्यांनी घटली होती. वजन उचलणाऱ्यांची 2.9 टक्क्यांनी वाढली होती. जड वजनाने म्हाताऱ्या बायकांची हाडं मोडतील ही भीती सगळ्यांनाच असते, पण त्या गटात पाठीत किरकोळ उसण भरण्यापलीकडे काही झालं नाही. मी दोन-तीनदा विचारून घेतलं, ‘घरी केलेल्या गटाची खरंच कमी झाली?’ भाची म्हणाली, ‘मावशी, खरंच.’

तरी मनात एक गाठ होती. नमस्कार आपले, जिम परकी, अशी ती गाठ. ती सुटली ती मी जन्मभर राहिले त्या गावाकडे नीट पाहिल्यावर. कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग, ही नावं इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं. लहानपणी शाळेत जाताना तालमीच्या दाराशी आले की आतून लाल मातीचा वास यायचा, त्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असते. जोर मारणाऱ्यांचे हुंकार ऐकू यायचे. आत मी कधी गेले नाही, आमच्या घरातली कुठलीच बाई कधी गेली नाही.

त्या दाराआड काय होतं, याचा मी पन्नाशीनंतर विचार केला. तिथे मुद्गल होते, गदा होत्या, दगडी नाल होते, म्हणजे वजन होतं. पाठ वाकली तर हटकणारा वस्ताद होता. ठरलेली वेळ होती, आणि त्या वेळात पैलवानाला घरून कुणी हाक मारत नव्हतं. घराबाहेर जाऊन, जड उचलून, जाणत्याच्या नजरेखाली व्यायाम करणं हेच तर आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलंय, फक्त ते पुरुषांसाठी. मी जिला परंपरा म्हणत होते, तो तिच्यातला बायकांच्या वाट्याला आलेला तुकडा होता. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. तिच्या खांद्यावरची ती गदा टीव्हीवर पाहताना माझे डोळे भरून आले.

पहिल्या जिममध्ये माझं जमलं नाही. तिथल्या माणसाने वर्षाचं पॅकेज समजावण्यात बराच वेळ घालवला, मग मला ट्रेडमिलवर उभं केलं आणि हातात एकेक किलोचे डंबेल दिले. ‘काकू, तुम्ही हलकंच करा,’ म्हणाला. भाजीच्या पिशवीत मी याहून जास्त आणते. दुसऱ्या ठिकाणी शिरोळ तालुक्यातली एक मुलगी शिकवत होती. कॉलेजात वेटलिफ्टिंग खेळलेली, बोलायला मोकळी. तिने माझे रिपोर्ट मागून घेतले, डॉक्टरांची चिठ्ठी बघितली आणि पहिले काही दिवस रॉडला हातच लावू दिला नाही. एक काठी आणली आणि माझ्या पाठीवर उभी धरायला लावली. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मध्य आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे, आणि तशीच टेकलेली ठेवून कमरेतून पुढे झुकायचं. सोपं वाटतं. मी झुकले की माकडहाडापासून काठी सुटायची. ती म्हणायची, ‘काकू, कंबर वाकवू नगा, मागं ढकला. मागं भिंत हाय समजा, तिला जाऊन लागायचं.’

वर्षानुवर्षं मी जमिनीवरची वस्तू पाठ गोल करून उचलत होते. बादली, पाट, तान्हं मूल, वह्यांचे गठ्ठे, सगळं. घरातल्या चटईवर हे मला कुणी सांगणार नव्हतं, कारण पाहणारं कुणी नव्हतं, आणि आपली पाठ आपल्याला दिसत नाही. आरशांवरचा माझा राग तिथे गेला. आडवं उभं राहून आरशात पाहिलं की काठी कुठे सुटते ते स्वतःला दिसतं.

मग रॉड आला. आधी हलका, मग वीस किलोचा, मग दोन्ही बाजूंना पाच पाच किलोच्या प्लेट. पायांच्या मध्यावर रॉड, नडगी त्याला टेकलेली, खांदे मागे घट्ट. ‘वजन उचलायचं न्हाई काकू. जमीन पायानं खाली ढकलायची. रॉड येतोय की वर आपला.’ मी जमीन ढकलली आणि तो आला. सरळ उभी राहिले तेव्हा मांड्यांच्या मागून, कुल्ल्यांतून, पाठीच्या दोन्ही बाजूंनी वर मानेपर्यंत सगळं एकदम ताणून कामाला लागल्याचं जाणवलं. माझ्या अंगात हे सगळं होतं आणि मला त्याची ओळख नव्हती. आता बोटांच्या मुळाशी घट्टे आलेत, आणि मला ते आवडतात.

मला आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. जड वजनाच्या दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसून राहायचं असतं. स्नायूंना तेवढा वेळ लागतो, तो व्यायामाचाच भाग आहे. घरात बाई तीन मिनिटं नुसती बसली की तिला काहीतरी काम सांगायची सगळ्यांना सवय असते, आणि तिलाही बसवत नाही, ती उठून ओटा पुसते. जिममध्ये मी बाकावर तीन मिनिटं बसते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. माझा फोन कपाटात असतो.

‘बायकांचा व्यायाम घरकामातच होतो’ हे वाक्य मी अजून ऐकते. माझ्या आजीच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य असेल. ती जातं ओढायची, उखळात कांडायची, पंचगंगेवरून डोईवर पाणी आणायची. तिच्या हाडांवर भार होता. तिच्या कष्टांचं कौतुक करायचं माझ्या मनात नाही, ती चाळिशीत म्हातारी दिसायची. पण आज नळ आहे, मिक्सर आहे, धुण्याचं यंत्र आहे. हाडांवरचा भार गेला आणि दिवसभराची दमणूक मात्र राहिली. दमणं आणि बळ वाढणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मला रॉड उचलायला लागल्यावर अंगाने कळलं.

माझी दुसरी डेक्सा तपासणी झाली. आकडा उणे 1.8 वरून उणे 1.6 झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा फरक यंत्राच्या मोजण्यातही पडू शकतो, म्हणून यावरून फार काही बोलू नका, पण उतार थांबलेला दिसतोय. मीही तेवढंच म्हणते. आकड्यापलीकडचं मात्र मी खात्रीने सांगू शकते. जोतिबाच्या पायऱ्या चढून आल्यावर मला कठडा धरावा लागत नाही. जमिनीवरच्या पंगतीतून उठताना हात टेकावा लागत नाही.

घरी वजनं आणून हे करता येणार नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात खोली आहे, रॉड, प्लेट आणि रॅक घेण्याची ऐपत आहे, शिकवायला कुणी आहे आणि हाक मारणारं कुणी नाही, त्यांनी जरूर करावं. ज्यांना महिन्याला हजार-बाराशे रुपये काढणं शक्य नाही त्यांनी पाण्याचे कॅन भरून सुरुवात करावी, रबरी पट्टे आणावेत, काहीच न करण्यापेक्षा ते लाखपटीने बरं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्यांसाठी जे सांगितलं त्यात आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आहेत, आणि ते कुठे करायचे याची अट नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घरात ते दोन दिवस बाईच्या हाती लागत नाहीत. ज्यांची हाडं आधीच फार विरळ झालीत, मणक्याला कधी इजा झालीय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिकवणारी व्यक्ती समोर असल्याशिवाय जड उचलू नये. ऑस्ट्रेलियातल्या त्या बायकांनीही ते एकट्याने केलेलं नव्हतं.

सकाळचे नमस्कार माझे घरीच असतात, पण कुकर आता आधी लावते किंवा नंतर.

राहतो प्रश्न वेळेचा. आमच्याकडच्या बहुतेक जिममध्ये ‘लेडीज बॅच’ सकाळी अकरा ते एक किंवा दुपारी तीन ते पाच असते. नोकरी करणाऱ्या बाईने, दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईने, पोळ्या लाटायला चार घरी जाणाऱ्या बाईने त्या वेळी यायचं कसं? उघड्या जागेतल्या ओपन जिम कुठल्याही वेळी मोकळ्या असतात, पण तिथल्या बहुतेक यंत्रांवर आपलंच वजन आपण हलवतो. ते वाढवता येत नाही, आणि वाढवणं हेच तर मुख्य काम आहे. आमच्या जिमच्या मालकांकडे आम्ही काही जणींनी सह्यांचा अर्ज दिला होता. सकाळची वेळ मिळाली नाही, पण संध्याकाळी सात ते आठ दोन रॅकपैकी एक आता बायकांसाठी ठेवतात. तिथे आता एक बँकेतली बाई येते, एक शिलाई करणारी येते, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई येते, वय अडुसष्ट. प्रभागातल्या सार्वजनिक व्यायामशाळेत बायकांना अजून वेळच नाही. तिथल्यासाठी दुसरा अर्ज तयार आहे, सकाळी सहा ते सातची वेळ मागितली आहे, आणि रॉड-प्लेट बायकांनाही वापरू द्याव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सध्या सह्या गोळा करायचं काम चालू आहे.